पडदा कुणाच्या मनासारखा?

फेब्रुवारी २०१७मध्ये ‘कोडी’ या मुक्त मीडिया सेंटर सॉफ्टवेअरची ‘क्रिप्टॉन’ ही सतरावी आवृत्ती बाहेर पडली. घरातले चित्रपट, मालिका, गाणी आणि फोटो टीव्हीच्या पडद्यावर एका जागी मांडून देणारा हा प्रोग्रॅम. आतल्या यंत्रणेत पुष्कळ काम झालं होतं, पण सुरू करताच नजरेत भरत होता तो बदललेला चेहरा. डिसेंबर २००९पासून मूळ स्किन म्हणून येणारी ‘कॉन्फ्लुअन्स’ बाजूला झाली होती आणि तिच्या जागी ‘एस्च्युअरी’ आली होती. आधी मेन्यू आडव्या पट्टीत सरकायचा. आता तो डाव्या कडेला उभा राहिला आणि उरलेल्या पडद्यावर पोस्टरांच्या रांगा लागल्या. सात वर्षांत बोटांना पडलेलं वळण एका अपडेटने मोडलं.

तरीही ज्यांना नवं रूप रुचलं नाही त्यांना परतीची वाट होती. कोडीच्या अधिकृत भांडारात कॉन्फ्लुअन्स ॲड-ऑन म्हणून शिल्लक होती. ती उतरवून घेतली की यंत्रणा नवी आणि चेहरा जुना, असं जमून जायचं. फोनवरचं एखादं ॲप रातोरात बदलतं तेव्हा ग्राहकाच्या हाती असं काही उरत नाही.

वापरणाऱ्याला पडदा आपल्या मनासारखा करू द्यावा का, आणि किती, हा वाद मीडिया सेंटरच्या जगात वीसेक वर्षं चालू आहे. बहुतेक वेळा तो मोकळीक जास्त की कमी, एवढ्यावरच घुटमळतो. त्यात दोन अवघड प्रश्न मागे पडतात. केलेला बदल पुढच्या अपडेटनंतर टिकतो का? आणि तो एकाने केला, तर त्याच पडद्यासमोर बसणाऱ्या घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं? या क्षेत्रातली बरीचशी धडपड याच दोन प्रश्नांपाशी येऊन अडली आहे.

विनॅम्पपासून एक्सबॉक्सपर्यंत

प्लेअरचा चेहरा बदलण्याची हौस संगणकावर आधी गाण्यांनी लावली. १९९७मध्ये आलेल्या ‘विनॅम्प’ने पुढच्याच वर्षी स्किनची सोय दिली. स्किन म्हणजे काही बिटमॅप चित्रांची झिप फाइल. बटणं, आकडे, सरकपट्ट्या यांची चित्रं ठरलेल्या जागी ठेवायची आणि ती रंगवायची. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या मुलांनीही स्किन बनवल्या, कारण त्यासाठी चित्र रंगवता येणं पुरेसं होतं. मर्यादाही तिथेच होती. प्ले बटण हिरवं करा की लाकडी दाखवा, ते राहायचं मूळ जागीच.

ही मर्यादा ओलांडली ती मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या ‘एक्सबॉक्स’ खेळयंत्रावर. २००२मध्ये काही हौशी प्रोग्रॅमरांनी त्याच्यासाठी ‘एक्सबॉक्स मीडिया प्लेअर’ लिहायला घेतला. पुढे तो ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ झाला आणि जून २००४मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. यंत्राची मेमरी ६४ एमबी. जगातले टीव्ही काही पाल पद्धतीचे, काही एनटीएससी, काही जुन्या चौकोनी आकाराचे, काही रुंद. एकच पडदा सगळीकडे बसेना. म्हणून पडद्याची रचना मुख्य प्रोग्रॅममधून काढून एक्सएमएल फाइलींत ठेवली गेली आणि प्रत्येक प्रकारच्या टीव्हीसाठी स्किनमध्ये वेगळं फोल्डर आलं.

तांत्रिक नड भागवायला काढलेल्या या तोडग्याने पुढे बरंच काही घडवलं. रचना साध्या मजकुराच्या फाइलीत आल्यावर ती कुणालाही उघडून बदलता येऊ लागली. कुठली यादी कुठे, तिची रुंदी किती, ती कधी दिसावी आणि कधी लपावी, हे सगळं बदलता येत होतं. २००८च्या अखेरीस हे सॉफ्टवेअर लिनक्स, विंडोज आणि मॅकवर एकत्र आलं. २०१४मध्ये त्याने ‘कोडी’ हे नाव घेतलं, कारण तोवर ते मूळ एक्सबॉक्सवर चालतच नव्हतं. त्याच मुळातून ‘प्लेक्स’ आणि ‘बॉक्सी’ असे फाटेही फुटले. स्किनचं यंत्र मात्र आजही तत्त्वतः तेच आहे.

दार बंद ठेवणारे

त्याच काळात मोठ्या कंपन्यांचं उत्तर उलटं होतं. ॲपलने ऑक्टोबर २००५मध्ये मॅकसाठी ‘फ्रंट रो’ हे मीडिया सेंटर आणलं. सोबतचा रिमोट सहा बटणांचा. पडद्यावर मोजके पर्याय, मोठी अक्षरं आणि बदलण्याजोगं जवळपास काहीच नाही. पहिल्यांदा हातात घेणाऱ्यालाही ते चालवता यायचं. मॅकच्या २०११च्या ‘लायन’ आवृत्तीत ॲपलने ते काढून टाकलं, तेव्हा वापरणाऱ्यांकडे मागे ठेवण्यासारखं काही नव्हतं.

मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज मीडिया सेंटर’ २००२मध्ये एक्सपीच्या खास आवृत्तीतून आलं. रिमोटवरचं हिरवं बटण दाबलं की निळा पडदा उघडायचा. दिसायला देखणं, टीव्ही रेकॉर्ड करण्यात पटाईत. पण सुरुवातीच्या मेन्यूत नको असलेली पट्टी काढायची अधिकृत सोय तोकडी होती. म्हणून ‘मीडिया सेंटर स्टुडिओ’सारखी त्रयस्थ अवजारं निघाली. ती मेन्यूची मांडणी आणि थीम बदलून द्यायची. बंद दारालाही लोकांनी किल्ल्या घडवल्या, त्या अशा. २०१५मध्ये विंडोज १०मधून मीडिया सेंटरच गेलं आणि किल्ल्यांचा उपयोग संपला.

लिनक्सवरचं ‘मिथटीव्ही’ही २००२चंच. तिथे मेन्यू म्हणजेच एक्सएमएल फाइल होती. तिची प्रत आपल्या फोल्डरात घेऊन एखादी ओळ खोडली की तो पर्याय पडद्यावरून नाहीसा. मोकळीक पुरेपूर. मात्र ती घेण्यासाठी टीव्हीसमोरून उठून कीबोर्डपाशी बसावं लागे.

बदलाचे चार थर

‘मनासारखा पडदा’ म्हणताना चार वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात. त्या सुट्या केल्या की कुठे काय अडतं ते कळतं.

पहिला थर रूपाचा: रंग, पार्श्वचित्र, अक्षरांचा आकार. कोडीच्या स्किनमध्ये रंगांची स्वतंत्र फाइल असते; ती बदलली की रचनेला धक्का न लागता रूप पालटतं. हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत जास्त दिलं जाणारं स्वातंत्र्य.

दुसरा थर आशयाच्या क्रमाचा. मुख्य पडद्यावर आधी चित्रपट की गाणी? अर्धवट राहिलेले भाग वर की नव्याने आलेले? एस्च्युअरीत नको असलेले मेन्यू सेटिंग्जमधून लपवता येतात. ‘एऑन नॉक्स’सारख्या स्किन त्यापुढे जातात. ‘स्किन शॉर्टकट्स’ नावाच्या सहायक ॲड-ऑनच्या आधाराने वापरणारा स्वतःचा मेन्यू रचतो, त्याला पोटमेन्यू जोडतो, त्याखाली हवी ती यादी लावतो. रोजच्या वापरात सगळ्यांत जास्त फरक या थराने पडतो. मुलांच्या गोष्टी एका बटणावर, आजोबांची नाट्यगीतं दुसऱ्यावर, एवढं जमलं की पुष्कळांची गरज भागते.

तिसरा थर बटणांचा. कोडीत कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं हे कीमॅप फाइल सांगते, आणि तेही प्रत्येक पडद्यासाठी वेगळं. चित्रपट चालू असताना खालचा बाण एक काम करू शकतो, यादीत दुसरं. बटण दाबून धरण्यालाही वेगळं काम देता येतं. टीव्हीचाच रिमोट एचडीएमआयच्या तारेतून कोडीला चालवतो तेव्हा काही कळा मुळात पोचतच नाहीत. अशा घरात हा थर चैनीचा राहत नाही. मोजक्या कळांत सगळी कामं बसवावी लागतात.

चौथा थर रचनेचा. इथे प्रत्येक पडद्याची फाइल उघडून घटक हलवायचे असतात आणि टीव्हीचा खरा स्वभाव इथेच आडवा येतो. संगणकावर माउस कुठेही नेता येतो. टीव्हीवर माणूस साधारण तीन मीटर लांब बसलेला असतो आणि हाती चार बाण व एक ओके. म्हणून कोडीच्या स्किनमध्ये यादी किंवा बटण मांडताना वर, खाली, डावीकडे, उजवीकडे गेल्यावर पुढे कुठे पोचायचं हे लिहून द्यावं लागतं. एक दिशा चुकली की एखादं बटण समोर दिसतं, पण तिथे पोचता येत नाही. फोटोत झकास दिसणाऱ्या कित्येक स्किन प्रत्यक्ष वापरात रिमोटपाशी हरतात. पाहणारा मांडणी डोळ्यांनी पारखतो, वापरणारा ती बोटांनी मोजतो: नेहमीच्या मालिकेपर्यंत जायला किती वेळा बाण दाबावा लागतो?

सर्व्हर एक, पडदे अनेक

कोडी मुळात एका टीव्हीला जोडलेल्या एका यंत्राचं सॉफ्टवेअर. पुढच्या पिढीने संग्रह सर्व्हरवर ठेवला आणि फोन, टीव्ही, ब्राउझर असे अनेक पडदे त्याला जोडले. प्लेक्स आणि ‘एम्बी’ या वाटेने गेले. एम्बीने मूळ कोड बंद केल्यावर डिसेंबर २०१८मध्ये त्यातून ‘जेलीफिन’ हा मुक्त फाटा निघाला.

जेलीफिनने वेबची भाषाच हाती दिली. सर्व्हरच्या सेटिंग्जमध्ये सीएसएस लिहायला एक रिकामी चौकट आहे. तिथे चार ओळी टाकल्या की सगळ्यांचा पडदा बदलतो. लोकांनी तिथे चिकटवायच्या तयार थीम बनवल्या आहेत. मूळ थीमच्या यादीत एकीचं नावच ‘डब्ल्यूएमसी’ आहे. विंडोज मीडिया सेंटर संपलं, तरी त्याचा निळा रंग दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये टिकून आहे. नंतर प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतःचं सीएसएस लिहिण्याची आणि सर्व्हरमालकाचं सीएसएस नाकारण्याचीही मुभा मिळाली. घरातल्या एकाची आवड सगळ्यांवर लादली जाऊ नये यासाठी केलेली ही तरतूद लहान, पण मोलाची आहे.

अडचण अशी की सीएसएस चालतं ते वेबवर आधारलेल्या ॲपमध्येच. अँड्रॉइड टीव्ही किंवा रोकूवरचं जेलीफिनचं ॲप त्या त्या यंत्रासाठी स्वतंत्र लिहिलेलं आहे; त्याला ही चौकट माहीतच नाही. म्हणजे ज्या दिवाणखान्यातल्या पडद्यासाठी एवढा खटाटोप, तिथेच तो पुष्कळदा पोचत नाही. शिवाय सीएसएस बटण लपवतं, परवानगी काढत नाही. ‘डिलीट’ दिसेनासं केलं म्हणून डिलीट करता येत नाही असं होत नाही.

प्लेक्सने तिसरा रस्ता धरला. चेहरा कंपनीचा, वापरणाऱ्याने लायब्ररी टाचून ठेवायच्या, त्यांचा क्रम लावायचा. २०१८मध्ये त्यांनी प्लगइनची सोय गुंडाळायला घेतली. इतक्या जातींच्या यंत्रांवर सारखं दिसणारं आणि सारखं चालणारं ॲप द्यायचं, तर मोकळीक कमी करावी लागते. प्लेक्सच्या अनेक ग्राहकांना हा सौदा पटला; ज्यांना नाही पटला त्यांतले काही जेलीफिनकडे वळले.

लोक खरंच बदल करतात का?

या प्रश्नावर संशोधन जुनं आहे आणि ते मीडिया सेंटरच्याही आधीचं. अमेरिकेतल्या एमआयटीत वेंडी मॅके यांनी ‘प्रोजेक्ट अथेना’च्या संगणकांवर काम करणाऱ्या ५१ जणांचा अभ्यास केला आणि १९९१मध्ये निष्कर्ष मांडले. लोक सेटिंग्जशी रोज खेळत नाहीत. वेळ नाही, हा सगळ्यांत मोठा अडसर. बदल होतात ते काही निमित्ताने, आणि नवं सॉफ्टवेअर येणं हे मोठं निमित्त. त्यातही गंमत अशी की पुष्कळ जण नव्या सॉफ्टवेअरला जुन्यासारखं वागायला लावण्यासाठी सेटिंग्ज बदलत होते. सव्वीस वर्षांनी क्रिप्टॉनवर कॉन्फ्लुअन्स चढवणारे लोक नेमकं तेच करत होते.

मॅके यांचं दुसरं निरीक्षण त्याहून उपयोगी आहे. बहुतेक लोक स्वतः सेटिंग्ज लिहीत नव्हते. जाणत्या सहकाऱ्याची फाइल घेऊन तीच वापरत होते. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या युरोपार्क प्रयोगशाळेत, झेरॉक्सच्या संशोधकांनी १९९०मध्ये असाच अनुभव नोंदवला. त्यांनी पडद्यावर अशी बटणं दिली, जी कुणालाही बदलता येत आणि ईमेलने दुसऱ्याला पाठवता येत. त्यांच्या मते प्रोग्रॅमर आणि साधा वापरणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस लागतो: हाताशी असलेला, दुसऱ्याची गरज ओळखून जुळणी करून देणारा. मराठी घरांत ही भूमिका कोण निभावतं ते सांगायला नको. पुण्यात आईवडिलांचा टीव्ही लावून देऊन नोकरीसाठी बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला गेलेला मुलगा किंवा मुलगी, आणि फोनवर ‘आता कुठलं बटण?’ हा संवाद.

मोकळिकीला विरोध करणाऱ्यांचीही बाजू भक्कम आहे. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपवर काम करणारे हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२मध्ये मांडलं की प्रत्येक जास्तीच्या पर्यायाची किंमत कुणीतरी मोजतं. पर्याय फार झाले की हवा तो सापडत नाही, आणि सगळ्या जोड्या तपासणं अशक्य होतं. दहा ‘हो किंवा नाही’ सेटिंग्जच्या १,०२४ जोड्या होतात. एखादा दोष त्यातल्या एकाच जोडीत उद्भवला, तर तो शोधणाऱ्याची कसोटी लागते. ग्नोमने त्यानंतर पर्याय छाटले आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. कोडीने २०१४च्या तेराव्या आवृत्तीत मधला मार्ग काढला. सेटिंग्जच्या चार पायऱ्या केल्या: प्राथमिक, सर्वसाधारण, प्रगत आणि तज्ज्ञ. पर्याय काढले नाहीत, पायरी चढेपर्यंत नजरेआड ठेवले.

टिकण्याचा हिशेब

स्किन बनवणं हौसेचं, ती सांभाळणं कष्टाचं. कोडीची स्किन कोडीच्या एका ठरावीक आवृत्तीच्या नियमांवर उभी असते. मोठी आवृत्ती आली की काही नियम बदलतात आणि स्किन लिहिणाऱ्याला पुन्हा बसावं लागतं. २०२१च्या ‘मॅट्रिक्स’ आवृत्तीने पायथॉन ३ सक्तीचं केलं, तेव्हा जुन्या पायथॉनमधले जे ॲड-ऑन कुणी नव्याने लिहून काढले नाहीत ते बंद पडले. सहायक ॲड-ऑनच्या आधारावर उभ्या स्किनला तर दुहेरी धोका. लिहिणारे बहुतेक बिनपगारी. कुणाचं लग्न होतं, कुणाची नोकरी बदलते आणि स्किन अनाथ होते. जेलीफिनच्या थीमचंही तेच: मूळ पानातल्या घटकांची नावं बदलली की सीएसएसचा नेम चुकतो.

जाणकारांचा सल्ला म्हणून साधा आहे. मूळ स्किनमध्येच हाताने बदल केले, तर पुढचं अपडेट ते पुसून टाकतं. बदल वेगळ्या नावाच्या प्रतीत करावेत, किंवा स्किनने दिलेल्या सेटिंग्जमध्येच बसवावेत, आणि सेटिंग्जचा बॅकअप ठेवावा.

तयार जुळणी उसनी घेण्यातही धोका आहे. २०१७च्या आसपास कोडीचे ‘बिल्ड’ फोफावले: स्किन, ॲड-ऑन, मेन्यू सगळं एका गठ्ठ्यात, एका क्लिकवर. युरोपार्कच्या जुळणी करून देणाऱ्या माणसाचीच ही बाजारू आवृत्ती, पण त्या माणसाची ओळख नसलेली. अनेक गठ्ठ्यांत चोरीच्या चित्रपटांचे ॲड-ऑन होते. कोडीचे ॲड-ऑन वेगळ्या कुंपणात चालत नाहीत. कोडीला जे करता येतं ते त्यांनाही करता येतं. २०१८मध्ये ‘इसेट’ या सुरक्षा कंपनीने दाखवलं की काही त्रयस्थ भांडारांतल्या ॲड-ऑनमधून क्रिप्टोचलन खणणारा प्रोग्रॅम लोकांच्या यंत्रांत शिरला होता. अनोळखी स्रोतांकडून काही बसवायचं तर मुद्दाम परवानगी द्यावी लागेल, असा अडसर कोडीने क्रिप्टॉनपासून घातला होता. तरी बिल्ड लावायचं शिकवणारा माणूस पहिल्याच पायरीला तो काढायला सांगतो.

घर एकट्याचं नसतं

स्वयंपाकघरातले डबे ज्याने लावले त्याला अंधारातही सापडतात आणि बाकीच्यांना दिवसाही नाही. टीव्हीच्या मांडणीचं तसंच आहे. फोन एका माणसाचा असतो, दिवाणखान्यातला पडदा सगळ्यांचा. कोडीत प्रोफाइलची सोय आहे: प्रत्येकाची सेटिंग्ज वेगळी, हवं तर कुलूप. पण जेवताना चौघं मिळून टीव्ही पाहतात तेव्हा प्रोफाइल कुणाचं? व्यवहारात एकच प्रोफाइल चालू राहतं, आणि ते लावणाऱ्याचं असतं.

सत्तरीच्या माणसाला मोठी अक्षरं आणि ठळक फरक हवा असतो. वेबच्या सुलभतेच्या निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक किमान ४.५ पट हवा. चित्रपटाच्या दृश्यावर पांढरी बारीक अक्षरं ठेवणाऱ्या स्किन हा निकष सहज मोडतात, कारण मागचं दृश्य सतत बदलतं. नजर अधू असलेल्यांसाठी पडदा वाचून दाखवणारा ॲड-ऑन कोडीला आहे. पण नुसतं चित्र असलेल्या, नाव न दिलेल्या बटणापाशी तो मुका होतो. सुलभता वरून चिकटवता येत नाही, स्किन लिहिणाऱ्याने ती आत ठेवावी लागते.

मराठी संग्रहाची परीक्षा आणखी वेगळी. ‘श्वास’, ‘कोर्ट’, ‘सैराट’ ही नावं देवनागरीत दिसावीत असं वाटलं, तर चित्रपटांची माहिती आणणाऱ्या स्क्रेपरमध्ये मूळ नाव राखण्याचा पर्याय मिळतो. मग अडतं ते फॉन्टवर. स्किनचा फॉन्ट लॅटिनपुरता असेल तर नावांच्या जागी चौकोन उमटतात. म्हणून कोडीच्या स्किनमध्ये फॉन्ट बदलून एरियल घेण्याचा पर्याय ठेवायची प्रथा पडली. फॉन्ट मिळाला तरी देवनागरीला अक्षरजुळणी लागते. पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी आधी. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र वेगळाच. चिन्हं नुसती ओळीने मांडणाऱ्या यंत्रणेत यातलं काहीच नीट उमटत नाही. आणि उमटलं, तरी लॅटिन अक्षरांच्या मापाने आखलेल्या ओळीत वरचा रफार आणि खालचा उकार कापले जातात. साध्या युनिकोड क्रमाने लावलेल्या यादीत ही नावं झेडच्याही पुढे, तळाशी जातात. देवनागरी वाचणाऱ्याला हवे असलेले बदल असे एकाहून अधिक थरांत विखुरलेले आहेत, आणि रंगांची थीम त्यातला एकही करत नाही.

दुसऱ्याच्या मनासारखा

आज बहुसंख्य घरांत मीडिया सेंटर म्हणजे स्मार्ट टीव्हीचाच पडदा. तिथेही प्रत्येकाचा पडदा वेगळा असतो, फक्त तो वेगळा करणारा दुसराच कुणी असतो. नेटफ्लिक्स पाहणाऱ्यागणिक रांगा बदलतं, एकाच चित्रपटाचं पोस्टरही माणूस पाहून बदलतं. मात्र यादीवरून जाताना आपोआप सुरू होणारी झलक बंद करण्याचं साधं बटण यायला फेब्रुवारी २०२० उजाडावं लागलं. २०२०मध्येच आलेल्या गूगल टीव्हीत शिफारशी आवरून मुख्यतः ॲपची यादी दाखवणारी रीत आहे, पण ती सेटिंग्जमध्ये शोधावी लागते. पडद्याचा वरचा भाग जाहिरातीला विकण्याजोगा आहे. ती जागा वापरणाऱ्याच्या हाती देण्यात कंपनीचं थेट नुकसान आहे. कोडीसारख्या प्रकल्पांना मोकळीक परवडते याचं एक कारण हेही की त्यांना त्या जागेचं भाडं मिळवायचं नसतं.

वीस वर्षांचा ताळा मांडला तर रूपाचा थर जवळपास सुटला आहे. आशयाच्या क्रमाची सोय मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चांगली आहे, व्यापारी पडद्यांवर अर्धवट. बटणं आणि रचना अजून जाणत्यांच्याच हाती आहेत. ज्यावर सगळ्यांत कमी काम झालं ते म्हणजे मांडणी एका जागेहून दुसरीकडे नेणं. चित्रपटाची माहिती या बाबतीत नशीबवान ठरली: फाइलीशेजारी ठेवलेली छोटी एनएफओ फाइल कोडी वाचतं, एम्बी वाचतं, जेलीफिनही वाचतं. त्यामुळे सॉफ्टवेअर बदललं तरी वर्षानुवर्षं जमवलेला तपशील सोबत जातो. मेन्यूचा क्रम, लपवलेली बटणं, रिमोटच्या कळांची नेमणूक यांच्यासाठी असा सामाईक साचा नाही. कोडीतून जेलीफिनकडे जाणाऱ्या घराला संग्रह तासाभरात परत मिळतो, पण आजोबांच्या नाट्यगीतांचं बटण कुणालातरी पुन्हा नव्याने लावून द्यावं लागतं.